भिंतीतली पाठ

शारजातून दुबईकडे जाणाऱ्या गाड्या रोजच्यासारख्या एकमेकींना खेटून उभ्या होत्या. दर्शनाने एसीचा झोत तोंडावरून बाजूला वळवला आणि पुढच्या गाडीचे लाल दिवे विझायची वाट बघत सहज मान वर केली. रस्त्याच्या कडेच्या मोठ्या होर्डिंगवर कालपर्यंत कुठल्याशा घड्याळाची जाहिरात होती. आज तिथे तिच्या आईचे हात होते.

ओळखायला क्षणही लागला नाही. दोन हात, मनगटाच्या थोडं वरपर्यंत, ओल्या मातीने बरबटलेले, भिंतीवर पालथे टेकलेले. डाव्या मनगटावरचं गोंदणाचं झाड, उजवी करंगळी गवत कापताना विळा लागून कायमची वाकडी झालेली. हातांखाली इंग्रजीत ‘अर्थबॉर्न व्हिलाज’ आणि त्याखाली बारीक अक्षरांत, आदिम माणसांच्या शहाणपणातून उभी राहिलेली घरं, अशा अर्थाचं काहीतरी. नाव तिच्या ओळखीचं होतं. तो तिचाच प्रोजेक्ट होता. गेली तीन वर्षं ती त्याच घरांची ड्रॉइंग करत होती. मागच्या गाडीने हॉर्न दिला तेव्हा तिने ब्रेकवरचा पाय काढला, गाडी थोडी सरकली, आणि होर्डिंग बाजूच्या काचेत आलं, मग मागच्या काचेत. तरी तिला ते हात समोरच दिसत राहिले, कारण तिच्या लक्षात आलं होतं की त्या हातांत बांगडी नाही.

आईच्या हातांत बांगडी नाही म्हणजे तो दिवस बा गेल्यानंतरचा. बा संध्याकाळी रानातून आला की दाराशेजारच्या भिंतीला पाठ टेकून बसायचा. बोलायचा नाही फारसा. कुडाची भिंत, कारवीच्या काठ्यांची, शेणमातीने लिंपलेली, आणि वर्षानुवर्षं टेकून टेकून तिच्यात त्याच्या पाठीएवढा खळगा पडला होता, तेल लावल्यासारखा गुळगुळीत. आई दरवर्षी सगळी भिंत लिंपायची, तेवढा खळगा सोडून. दर्शनाने लहानपणी कारण विचारलं तर म्हणाली, तिथं तुझा बा बसतो ना. बा गेला, दिवसकार्य आटपलं, पाहुणे पांगले, आणि त्या दुपारी आईने माती कालवली आणि कुणाशी एक शब्द न बोलता तो खळगा भरायला घेतला. थरावर थर देत राहिली. शेवटचा हात फिरवून तिने दोन्ही तळवे भिंतीवर टेकवले आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. दर्शना उंबऱ्यात बसून होती. उठून आईला धरावं की तिला एकटीला राहू द्यावं, हे तिला कळत नव्हतं. घरात तिसरं माणूस होतं फक्त रामेश्वर, तिचा नवरा. तो दाराला टेकून हातातल्या मोबाईलकडे बघत होता. तिला वाटलं होतं, रजा वाढवल्याचं रुवैसच्या रिफायनरीला कळवत असेल.

अल क्वोजमधल्या गोदामांच्या गल्लीत गाडी लावेपर्यंत तिने हे पुन्हा पुन्हा मनात तपासलं. दुसऱ्या कुणी कधी आईचा तसा फोटो काढला असेल का. बांगड्या मागाहून कुणी कॉम्प्युटरवर पुसल्या असतील का. प्रत्येक वेळी ती त्या दारापाशीच येऊन थांबत होती. रामेश्वर रिफायनरीत इंजिनिअर. आठवडाभर रुवैसला राहतो, शुक्रवारी संध्याकाळी शारजाच्या फ्लॅटवर येतो. आज गुरुवार. फोन करता आला असता. तिने दोनदा हातात घेऊन तो पर्समध्ये टाकला. फोनवर तो हो म्हणाला असता, तर त्या वेळी त्याचा चेहरा कसा होता हे तिला कधीच कळलं नसतं.

त्यांचं ऑफिस म्हणजे एक जुनं गोदाम, आतून पांढरं रंगवलेलं, उंच छताचं. एका बाजूला टायरचं वर्कशॉप, दुसऱ्या बाजूला कामगारांचा कॅम्प. आत मात्र कॉफीचा वास आणि काचेमागे मांडलेली मॉडेलं. सुदेशसर आपल्या टेबलाशी उभे होते, चष्मा कपाळावर, हातात मातीच्या रंगाचे टाइलसारखे तुकडे. पुण्याचे सुदेशसर, ऑफिसचे डिझाइन हेड, आणि या शहरात जिच्याशी मराठीत वाक्य संपवता येतं अशी घराबाहेरची एकमेव व्यक्ती. त्यांना बघितल्यावर तिला राग यायला हवा होता. आला तो नुसता थकवा, आणि त्याच्याही आत, लाज वाटावी अशी एक सवयीची आपुलकी.

कारण तिच्या घराबद्दल ऐकणारा पहिला माणूस तेच होते. ठाकरवाडीतली मुलगी मुंबईच्या आर्किटेक्चर कॉलेजात पोचली तेव्हा पहिल्याच आठवड्यात सांगितलं गेलं, तुम्ही ज्या घरात राहता त्याचा नकाशा काढून आणा. तिने तालुक्यातल्या शाळेच्या हेडमास्तरांच्या स्लॅबच्या घराचा नकाशा काढला, गच्ची, जिना, मोरी सगळं. शिक्षकांनी शाबासकी दिली. तेव्हापासून तिचं घर तिने कुणाला दाखवलं नव्हतं. रामेश्वर लातूरचा, प्रेमाने लग्न केलेला, त्यानेही घरी एवढंच सांगितलं होतं की मुलगी मुरबाडकडची आहे, मेंगाळ आडनाव आहे. उगाच कशाला सगळं उकलत बसायचं, तो म्हणाला होता, आणि तिला ते काळजीपोटीच वाटलं होतं. मग दुबईत एकदा सुदेशसर जेवायला घरी आले असताना रामेश्वरच हसत म्हणाला, सर, तुम्ही मातीच्या घरांचं काय सांगताय, हिचं घर खरंखुरं मातीचं आहे, ट्रायबल आहे ही. तिच्या हातातली कोशिंबिरीची वाटी तशीच राहिली. सुदेशसर हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी पँट्रीत चहा घेताना त्यांनी विचारलं, दर्शना, उन्हाळ्यात ती भिंत आतून हाताला कशी लागायची?

कशी लागायची. कुणी असं विचारेल हेच तिला ठाऊक नव्हतं. गार नव्हे, ती शेवटी म्हणाली, सर, गार नाही म्हणता येणार, झोपलेल्या माणसाच्या अंगासारखी. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत रोज थोडं थोडं निघत गेलं. कारवी काही वर्षांनी एकदाच फुलते, फुलली की मरते, आणि भिंतीसाठी तोडायची ती मेलेली कारवी, जिचं जगून झालंय तीच. खांब रोवायच्या आधी जागेला विचारायचं, आणि जागा नाही म्हणाली तर दुसरीकडे जायचं. घर एकट्याने बांधायचं नाही, सगळी वाडी येते. घराने माणसापेक्षा जास्त जगायचं नाही. माणसं उठून गेली की घर हळूहळू खाली बसतं, माती मातीत जाते, मागे काही उरत नाही, म्हणून दुसऱ्याला जागा होते. ती बोलत असायची आणि मध्येच तिच्या लक्षात यायचं की आपला आवाज वाडीतला झालाय, शब्दांची टोकं मोडलीत, आणि तरी समोरचा माणूस तसाच ऐकतोय. त्या दिवसांत शारजाच्या ट्रॅफिकमध्ये ती एकटी गाणी म्हणायची. इतकी वर्षं आत दडपून ठेवलेलं घर कुणीतरी दार ढकलून उजेडात आणलं होतं.

पुढे डेव्हलपरने पर्यावरणाला धरून घरं बांधायची काढली तेव्हा सुदेशसरांनी तिला पुढे केलं. ती म्हणाली, सर, कारवी इथे आणून लावायची नाही. आमच्यात जागेला विचारतात, मग इथल्या जागेला विचारू. ती किनाऱ्यावरच्या जुन्या वस्त्या बघत हिंडली, जतन करून ठेवलेली खजुराच्या झावळ्यांची घरं, इथली माणसं त्यांना अरीश म्हणतात. एकात ती कितीतरी वेळ बसून राहिली. झावळ्यांतून वारा चाळून येत होता, आणि तिला वाटलं, ही माणसं आपल्याला ओळखतात. मग तिने घर काढलं. आत इथल्याच मातीच्या जाड भिंती, बाहेर झावळ्यांचा पदर, मध्ये अंगण, आणि दरवर्षी थंडी सुरू होताना राहणाऱ्यांनीच आपल्या हाताने भिंतीला एक लेप द्यायचा. हे शेवटचं वाचून सुदेशसरांचे डोळे चमकले होते. जे घर तुझी वाट बघतं, ते म्हणाले, दर्शना, याहून मोठी गोष्ट मी तीस वर्षांत ऐकली नाही.

“बघितलंस ना होर्डिंग?” आता त्यांनी विचारलं. “काल रात्रीत लावली सगळीकडे. कशी वाटली?”

“फोटो कुठून आला, सर?”

“रामेश्वरने पाठवला ना. मागच्या महिन्यात मार्केटिंगवाले स्टॉक फोटो लावत होते, राजस्थानच्या कुठल्या बाईचे. मी म्हटलं, छे, आपल्याकडे खरं आहे तर खोटं कशाला.” त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि तिच्याकडे नीट बघितलं. “तुला माहीत नव्हतं?”

“ती माझ्या वडिलांची...” असं म्हणून ती थांबली. काय सांगायचं. वडिलांची पाठ आहे ती. तिला जाणवलं की आपण हेही सांगितलं तर हा माणूस कान देऊन ऐकेल, आणि पुढच्या होर्डिंगवर पाठ येईल. तिने नजर खाली वळवली तेव्हा टेबलावरचे ते तुकडे दिसले. तिने एक उचलला. जड होता. वरून माती, बोटांच्या रेघोट्यांसकट. नखाने खरवडलं तर काही निघालं नाही.

“हे काय आहे?”

“बाहेरच्या भिंतीचं फिनिश. टेक्श्चर कोट. तुला सांगायचंच होतं.” त्यांनी खुर्ची ओढून तिला दिली, स्वतः टेबलाच्या कडेला टेकले. नेहमीसारखेच, हळू, समजावत. “माती बाद झाली, दर्शना. इन्शुरन्स, अप्रूव्हल, आणि मुख्य म्हणजे दरवर्षी लेप द्यायला कुणी तयार नाही. क्लायंट म्हणाला, मला झीरो मेंटेनन्स हवं. मग सिमेंटच्या ब्लॉकवर गेलो. झावळ्या ॲल्युमिनियमच्या केल्यात, लांबून कळत नाही. अंगण थोडं लहान झालंय. पण आत्मा तोच ठेवलाय.”

“कधी झालं हे?”

“झाले असतील सहा-आठ महिने.”

सहा-आठ महिने ती ज्या भिंतींचे तपशील काढत बसली होती, त्या भिंती कुणी बांधणारच नव्हतं. तिची ड्रॉइंग कुठे जात होती मग. तिने विचारलं नाही, पण त्यांनी ओळखलं. प्रेझेंटेशनला लागतात गं, ते म्हणाले, प्रोसेस दाखवायला. आणि मग, कासावीस होऊन, किंवा खरंच दुखावले जाऊन, त्यांनी विचारलं, “तू हे सगळं बोललीस तेव्हा मी ऐकलं की नाही? माझ्याआधी कुणी ऐकलं होतं तुझं?” तिने मान हलवली. नव्हतं ऐकलं कुणी. शनिवारी लाँच होतं. नमुना म्हणून उभारलेल्या मॉक-अप व्हिलात पाहुणे येणार, तिने दोन शब्द बोलायचे. “आणि जमलं तर,” ते म्हणाले, “तुमच्याकडचं ते लुगडं नेसतेस का? गुडघ्यापर्यंतचं. छान दिसेल.”

त्या दिवशी तिने काम केलं. तिचं तिलाच नवल वाटलं. स्क्रीनवर भिंतीचा छेद उघडा होता, मातीचे थर वेगवेगळ्या रंगांत, आणि ती माऊसने एक रेघ इकडची तिकडे करत बसली. ओरडून बोलावं, फाइल पुसून टाकावी, असलं काही सुचलं नाही. सुचत होतं ते भलतंच. पँट्रीतल्या त्या दुपारी एकेक करून आठवत होत्या आणि प्रत्येकीत ती सुदेशसरांचे हात शोधत होती. ते लिहून घेत होते का. मोबाईल टेबलावर पालथा असायचा, तो चालू होता का. की तसं काहीच नव्हतं, ते खरंच ऐकत होते, मनापासून, आणि विकलंही मनापासूनच. हे दुसरं तिला जास्त असह्य वाटलं. चोर असता तर सोपं होतं. प्रेमाने ऐकणाऱ्या माणसाचं काय करायचं असतं, हे कुणी शिकवलं नव्हतं.

शुक्रवारी रामेश्वर आला तो लेकीसाठी खजुराची बिस्किटं आणि चेहऱ्यावर ठेवणीतलं हसू घेऊन. वाटेत त्यानेही होर्डिंग पाहिलं होतं. समिधा, त्यांची पाचवीतली मुलगी, दारातच त्याला बिलगली आणि आईकडे वळून म्हणाली, “मम्मा, डॅडी सेज आजीज हँड्स आर फेमस नाऊ.” दर्शनाने तिला शेजारच्या मैत्रिणीकडे खेळायला पाठवलं. मग ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. तो सोफ्यावर बसून बूट काढत होता.

“कुणाला विचारून दिलास?”

“काय? तो फोटो?” एक मोजा काढून त्याने नीट दुमडला. “अगं, तुझ्याच प्रोजेक्टसाठी दिला. सुदेशसरांना खरा फोटो हवा होता, मला वाटलं, तुला सरप्राइज देऊ.”

“तुला ठाऊक होतं तेव्हा आई काय करत होती ते.”

“लिंपत होती.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. तो तिथे होता. दाराला टेकून, इतका जवळ की त्याच्या घामाचा वास येत होता. खळगा कशाचा हे तिने त्याला लग्नाआधीच सांगितलं होतं, पहिल्यांदा वाडीत नेलं तेव्हा, आणि तो त्या खळग्याला हात लावून म्हणाला होता, तुझे वडील भिंतीतसुद्धा आहेत. त्या एका वाक्यासाठी तिने बाकीचं सगळं सोसलं होतं. लातूरच्या घरातल्या लग्नाच्या फ्रेममध्ये तिचे आईबाप नाहीत हे सोसलं होतं. तेच वाक्य बोललेला माणूस आता म्हणत होता, लिंपत होती. तो विसरला होता, की आठवत असून त्याने हा सोपा शब्द निवडला होता?

“आणि चेहरा कुठे दिसतोय?” तो समजुतीने म्हणाला. “नुसते हात आहेत. कुणाला काय कळणार कुणाचे ते. मी मुद्दाम चेहरा कापून पाठवला.”

“मुद्दाम.”

“म्हणजे तुला नको असेल म्हणून. तूच लपवायचीस ना सगळं. आता लोकांना त्याचं कौतुक आहे, तर मला वाटलं, चला, एकदाचं मोकळं होईल. मी अभिमानानेच दिला, दर्शना.”

“लपवायला कुणी सांगितलं होतं?”

त्याने दुसरा मोजा काढला. मग म्हणाला, जेवायला काय आहे. वाईट हेतूने नाही म्हणाला. भूक लागली होती, लांबचा रस्ता होता. तिने वाढलं. समिधा परत आली, तिघं जेवली, टीव्ही चालू होता. पलंगावर त्याच्या शेजारी पडल्यावर तिला वाटलं, आपण या माणसाच्या तोंडून आपलं घर दोनदा ऐकलं, एकदा सुदेशसरांसमोर आणि एकदा आता, आणि दोन्ही वेळा ते दुसऱ्याच कुणाचंतरी होतं.

शनिवारी ती लाँचला गेली. न जाण्याचं ठरवून झालं होतं, तरी गेली, कारण तिला तो मॉक-अप बघायचा होता. रोजच्या ऑफिसच्या पँट-शर्टात गेली. सुदेशसरांनी एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं आणि ते पाहुण्यांकडे वळले. वाळूच्या सपाट मैदानात एकुलतं एक घर उभं होतं, लांबून अगदी तिने कागदावर काढलं तसं, आणि ते बघून तिची पावलं खरंच आनंदाने भराभर पडू लागली. जवळ गेल्यावर ती थांबली. भिंतीवरच्या रेघोट्या ठरावीक अंतरावर पुन्हा तशाच येत होत्या, साच्यातल्या. आत एसी इतका की अंगावर काटा यावा. झावळ्या उन्हात तापून टिकटिक वाजत होत्या. पाहुणे खजूर आणि कहवा घेत फिरत होते. तिने भिंतीला तळवा लावला. काहीच नाही. गार नाही, गरम नाही, कुणी झोपलेलं नाही.

“तूच ती आर्किटेक्ट का गं? मराठी ना?”

एक वयस्कर बाई शेजारी येऊन उभ्या होत्या, डोक्यावरून रेशमी ओढणी, हातात कहव्याची वाटी. नूरजहाँ त्यांचं नाव, मूळच्या श्रीवर्धनच्या, नवऱ्याचा मसाल्याचा व्यापार, चाळीस वर्षांपासून दुबईत. मुलासाठी घर बघायला आल्या होत्या. मराठी बोलायला मिळाल्यावर खुलल्या. होर्डिंगवरचे हात फार आवडले म्हणाल्या, अम्माची आठवण झाली.

दर्शनाने इकडे तिकडे बघितलं. सुदेशसर दोन पावलांवर कुणाशी तरी बोलत होते, पण कान इकडेच होते. हीच वेळ, तिला वाटलं. “चाची,” ती म्हणाली, “ही माती नाही. एक चिमूटसुद्धा नाही. आत सिमेंटचे ब्लॉक आहेत आणि वरून रंग. झावळ्या पत्र्याच्या आहेत. आमच्या घरांचं यात काही नाही. तुम्हाला खोटं सांगतायत.”

तिचा आवाज चढला होता. दोन-चार माणसांनी वळून बघितलं. नूरजहाँचाचींनी भिंतीवर बोटाने टकटक केलं आणि समाधानाने मान हलवली.

“ते कळलं गं मला, आत शिरतानाच. माती असती तर वास नसता आला?” त्यांनी तिच्या दंडावर हात ठेवला. “अगो, माती कशाला हवी? लहानपणी सारवून सारवून हात फुटलेत माझे. वाळवी काय, पावसाळ्यात पोपडे काय. त्या मातीतनं सुटायलाच तर इकडे आलो आपण सगळे. सिमेंट आहे तेच बरं. फक्त दिसायला तसं हवं. पोरांना वाटायला हवं, आपलंपण कायतरी होतं.”

मागे सुदेशसर हसले. सुटल्यासारखं, हलकं. त्यांनी तिच्याकडे बघून किंचित खांदे उडवले, त्यात राग नव्हता, विजयही नव्हता. बघ, असं म्हणावं तसं. तेव्हा तिला कळलं की इथे कुणालाच फसवलेलं नाही. डेव्हलपरला ठाऊक होतं, सुदेशसरांना ठाऊक होतं, विकत घेणाऱ्यांना ठाऊक होतं, रामेश्वरने कधी यात माती असेल असं धरलंच नव्हतं. मातीची घरं बांधली जातील असं खरोखर मानणारी या सगळ्यांत ती एकटी होती. माइकवरून तिचं नाव पुकारलं गेलं, आमची स्वतःची आदिवासी आर्किटेक्ट, आणि टाळ्या पडल्या. ती दाराकडे चालत गेली. लोकांना वाटलं ती मंचाकडे जातेय, त्यांनी वाट करून दिली. ती गाडीत बसली आणि निघाली.

घरी न जाता तिने रस्त्यात एका पेट्रोल पंपापाशी गाडी थांबवून वाडीत फोन लावला. फोन शेजारच्या चुलतभावाच्या सुनेने उचलला आणि आईकडे दिला. आधी भाताचं, मग गुडघ्याचं, मग समिधाचं. मग दर्शनाने विचारलं, “आये, तुझ्या हातांचा फोटो द्यायच्या आधी यांनी तुला विचारलं होतं का?”

“हा. जावयांचा फोन आलता. म्हनले, तवा काढलेला फोटो दर्शीला हवाय, तिच्या कामाला. मी म्हनले, तवाचा नको, दुसरा काढा, चांगलं लुगडं नेसते. तर म्हनले, तिला तोच हवाय.” आई थांबली. “मला जरा कसंतरी वाटलं. पन तुलाच हवा म्हनल्यावर मी काय बोलू. तुला ठाव होतं की तवा मी काय करत होते.”

पंपावरचा मुलगा काचेवर टकटक करून पेट्रोल किती विचारत होता, तिने हाताने नको म्हटलं. आईने तिला दोष दिला नव्हता. गेला महिनाभर आई तिकडे हेच धरून बसली होती, की लेकीला ते हवं होतं, तोच दिवस, तेच हात, आणि त्याचं कारण असेल काही. रामेश्वरने फोटो काढला, पाठवला, हे तिने कसंतरी गिळलं असतं. पण त्याने आईचा नकार लेकीच्या नावाने मोडला होता.

“मला नको होता आये,” ती म्हणाली. “मी नव्हता मागितला.”

पलीकडे कोंबड्या ऐकू येत होत्या. मग आई म्हणाली, “बरं झालं सांगितलंस.” आणि जरा वेळाने, “घरं झाली का मंग ती? राहायला गेली मान्सं?”

“नाही. नाही झाली.”

“व्हनार हाईत का?”

“नाही.”

“बरं,” आई म्हणाली.

रविवारी तिने रामेश्वरला एवढंच विचारलं, आईला माझं नाव का सांगितलंस. तो आधी चिडला, मग म्हणाला, नाहीतर त्या हो म्हणाल्या नसत्या. हे तो इतक्या सरळपणे म्हणाला की तिला पुढे भांडता आलं नाही. संध्याकाळी तो रुवैसला निघाला. आठवडाभराचा डबा तिने केला नव्हता. त्याने फ्रिज उघडून बघितला, बंद केला, समिधाच्या केसांवरून हात फिरवला आणि बॅग उचलून लिफ्टकडे गेला. दार लावून घेताना तिला वाटलं, आता रडू येईल. आलं नाही. समिधाने विचारलं, “आर यू टू फायटिंग?” आणि दर्शना मराठीत म्हणाली, “हो.” लेकीने तिच्याकडे टक लावून बघितलं. आजवर या प्रश्नाला तिच्या आईने नेहमी नाही म्हटलं होतं.

सोमवारी ती विजयकुमारच्या केबिनमध्ये गेली. विजयकुमार ऑफिसचं एचआर बघायचा, पालक्काडचा, भिडस्त माणूस. तिने राजीनामा देतेय म्हणून सांगितलं. त्याने पेन खाली ठेवलं, बाहेर सुदेशसरांच्या टेबलाकडे एकदा नजर टाकली आणि आवाज खाली आणला.

“मॅडम, सोच लिया?”

“हां.”

“ठीक है.” तो स्क्रीनकडे वळला. “इधर का व्हिसा तो कॅन्सल होगा. टेन्शन नहीं, हस्बंड स्पॉन्सर करेंगे ना? बच्ची भी उन्हीं के व्हिसा पे है. आसान है, एक हफ्ते में खलास.” त्याची बोटं कीबोर्डवर थांबली. “हस्बंड का नाम डालूँ?”

हे तिने धरलं नव्हतं. रात्रभर तिने सुदेशसरांना काय सांगायचं ते ठरवलं होतं, आईला केव्हा फोन करायचा ते ठरवलं होतं, दुसरीकडे कुठे काम मिळेल तेही मनात घोळवलं होतं. पण नोकरीच्या छपराखालून निघालं की इथे राहायला लगेच दुसरं लागतं, आणि ते दुसरं छप्पर त्याचं आहे, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. काचेपलीकडे सुदेशसर उठून उभे राहिले होते, इकडे यावं की नाही अशा विचारात. विजयकुमार वाट बघत होता.

“टाइम मिलता है ना थोडा?” तिने विचारलं.

“मिलता है. लेकिन मॅडम, उसके बाद कोई नाम तो चाहिए. नौकरी का, नहीं तो हस्बंड का. नहीं तो वापस.”

“मालूम है.”

“तो अभी किसका डालूँ?”

“अभी किसी का नहीं,” दर्शना म्हणाली, आणि खुर्ची मागे सारून उठली.